सूज तर सगळ्यांनाच येते

सातवा महिना लागला आणि माझ्या चपला माझ्या पायांत शिरेनात. पट्टा सैल करून पाहिला, टाच बाहेर ठेवून चालून पाहिलं. शेवटी यजमानांच्या जुन्या चपला घातल्या आणि शाळेत गेले. तिसरीच्या वर्गातली मुलं माझ्या पायांकडे बघून हसली. मीही हसले. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, कारण घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या सगळ्या बायकांनी मला एकच सांगितलं होतं, सूज तर सगळ्यांनाच येते.

ते खोटं नाही. बहुतेकींना येते आणि बाळंतपणानंतर उतरते. माझी पायांवर थांबली नाही. ती हातांत आली, मग तोंडावर आली, आणि तिच्यामागून जे येत होतं ते कुणाला दिसलं नाही. आता माझी मुलगी शाळेत जाते. इतकी वर्षं मी यावर काही लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की थकवा येतो. पण आमच्या उमेळे गावात आणि आजूबाजूला पोटुशी पोरी अजून तेच प्रश्न विचारतात आणि त्यांना अजून तीच उत्तरं मिळतात, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला आठवत नाहीत आणि आठवली तरी लिहिणार नाही. हॉस्पिटलात पडून राहिल्यावर काय होतं, तेवढंच सांगते.

विचारलेले आणि न विचारलेले प्रश्न

पहिले चार महिने उलट्यांत गेले. भाताचा वास आला की मी मागच्या दाराकडे पळायची. तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. पपई खायची नाही. केळ्यांच्या वाडीत राहतेस म्हणून केळी खात सुटू नकोस, बाळाला सर्दी होईल. विहिरीवर पाणी ओढू नकोस, असं एकीनं सांगावं, आणि दुसरीनं सांगावं की ओढ, म्हणजे सुटका लवकर होते. पोट पुढे आलंय म्हणजे मुलगा, चेहरा सुजलाय म्हणजे मुलगी.

मला विचारायचे होते ते प्रश्न वेगळे होते. दुपारी बाळ हलायचं थांबतं ते झोपतं म्हणून, की काही झालं म्हणून? शाळेपर्यंत चालत गेलं तर चालतं का? डोकं सारखं का दुखतं? हे कुणाला विचारावं कळत नव्हतं. माझी आई माहेरी, पापडीला. सासूबाई घरात होत्या, पण त्या फार बोलायच्या नाहीत. सासरे लवकर गेले, तेव्हापासून वाडी त्यांनीच सांभाळलेली. सकाळी पानवेलींना पाणी सोडायला जायच्या त्या जेवायलाच परत यायच्या.

एकदा मी त्यांना डोकेदुखीचं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काही न बोलता सहाणेवर सुंठ उगाळून माझ्या कपाळाला लेप लावला आणि मागच्या दारानं वाडीत निघून गेल्या. त्यांना राग आला असावा, असं मला वाटलं. नोकरीसाठी रोज चालत जाणारी सून त्यांना फारशी पसंत नव्हती.

फळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. लिहिता लिहिता अक्षराचा उजवा भाग दिसेनासा झाला. खडू चांगला उमटत होता, पण मला अर्धंच अक्षर दिसत होतं. मग डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. मी टेबलाला धरून उभी राहिले. मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी मला घरी पाठवलं.

मला चष्मा लागला असेल, असंच वाटलं. शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी टांगा केला आणि आमच्या चर्चच्या सिस्टरांच्या हॉस्पिटलात गेले. तिथं शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर यायचे. बाकावर नंबराची वाट बघत बसले होते. तेवढ्यात सिस्टर बेनेडिक्टा तिथून गेल्या. मंगळूरकडच्या, ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. पुढे गेल्या, थांबल्या, परत आल्या. कितवा महिना, विचारलं. मी डोळे दाखवायला आले आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळे नंतर.

आत नेऊन त्यांनी माझं प्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या हाताचं घेतलं. तशाच बाहेर गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. माझी लघवी काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता ती उकडलेल्या अंड्याच्या वरच्या भागासारखी पांढरी झाली. ते मी स्वतः पाहिलं. काय आहे ते कळलं नाही, पण चांगलं नाही एवढं कळलं.

"हे असं पांढरं व्हायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं प्रेशर फार वाढलंय. आता घरी जायचं नाही."

मी म्हटलं, सोमवारी मुलांची चाचणी आहे, ती घेऊन मंगळवारी येते. त्या सिस्टरना म्हणाल्या, हिला आडवी करा.

माझ्या बोटातली लग्नाची अंगठी मांसात रुतली होती. साबण लावून निघेना, दोरा गुंडाळून निघेना. शेवटी हॉस्पिटलातल्या मिस्त्रीकडून पक्कड आणून कापली. माझे यजमान इनास तेव्हा सातिवलीला एका नव्या कारखान्यात लेथवर काम करायचे. निरोप मिळाल्यावर तसेच सायकलवरून आले. कुणी त्यांना काही सांगायच्या आधी त्यांची नजर माझ्या मोकळ्या बोटावर गेली आणि ते तिथंच स्टुलावर बसले.

कोपऱ्यातली खाट

मला कोपऱ्यातली खाट दिली. खिडकीला जाड पडदा लावला. उजेड नको, आवाज नको, उठायचं नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी अंग पुसणं, मग प्रेशर, मग पेज. दुपारी प्रेशर. संध्याकाळी वॉर्डात सगळ्याजणी रोझरीची प्रार्थना म्हणायच्या ती मला पडल्या पडल्या ऐकू यायची. मग पुन्हा प्रेशर. रोज लघवी तापवून बघायचे आणि मी सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघायची. तिचा चेहरा कधी काही सांगायचा नाही.

सक्तीच्या आरामाने माणूस किती थकतो हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. गोळीने झोप यायची, पण ती झोप नव्हती. एका कुशीवरचं अंग दुखून बधिर व्हायचं. लघवीसाठी भांडं मागायचं म्हणजे जीवावर यायचं. फिनेलचा वास केसांत बसला होता. मी बाळाशी बोलायची, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी बोलत नव्हते. हललं की बरं वाटायचं. हललं नाही की श्वास धरून वाट बघायची. तेवढंच आमचं बोलणं.

शेजारच्या खाटेवर पाचूबंदरची जानकीबाई होती. कोळीण, चौथं बाळंतपण, वजनाला भारी, बोलायला मोकळी. माझ्यापाशी कुणी बोलायचं नाही, असं तिला बजावलं होतं. म्हणून ती माझ्याशी न बोलता छताकडे बघत बोलायची, म्हणजे ती काही नियम मोडत नव्हती. नवऱ्याच्या होडीविषयी, सासूच्या दाताविषयी, काहीही. तिचा तो सपाट आवाज मला औषधापेक्षा बरा वाटायचा.

मीठ

मला मीठ बंद केलं होतं. आता डॉक्टर काय सांगतात मला माहीत नाही, तेव्हा तेच सांगायचे. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी. दोन घासांनंतर तोंड मिटायचं.

सासूबाईंना ते बघवलं नाही. एके दिवशी त्या डब्यात बोंबलाचं कालवण घेऊन आल्या. पोटात जीव आहे, असल्या अळणी अन्नावर तो कसा वाढेल, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर बेनेडिक्टांनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा उचलून नेला. नेमकी माझी आई तिथं होती. ती म्हणाली की मुलीला विहिरीवर पाणी ओढायला लावलं त्याचं हे फळ. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे पाण्याला पंप आहे, रोज शाळेपर्यंत पायपीट कुणी करायला लावली? दोघी माझ्या उशापायथ्याशी उभ्या राहून हळू आवाजात भांडल्या, कारण मोठ्यानं बोलायला बंदी होती. मी डोळे मिटून घेतले. कोण बरोबर, याचं मला काही पडलं नव्हतं. दोघींनी जावं एवढंच वाटत होतं.

इनास संध्याकाळी यायचे. अंगाला तेलाचा वास. स्टुलावर बसायचे आणि बसल्या बसल्या पेंगायचे. एकदा म्हणाले, नोकरी सोड. मी म्हटलं, आधी जगू दे, मग सोडते. जाताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की घरी आई मीठ खात नाही. स्वतःचं वेगळं काढून घेते, अळणी. का म्हणून विचारलं तर वाडीत निघून जाते.

मी सासूबाईंना त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पुढे आलेलं सगळं ताट मी संपवायला लागले.

पलीकडची खोली

एक दिवस दुपारी धावपळ झाली. पूर्वेकडच्या कुठल्याशा पाड्यातून एका बाईला टेम्पोतून आणलं होतं. मला दिसलं ते एवढंच की चादरीत गुंडाळलेलं कुणीतरी चौघांनी उचलून पलीकडच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. दाराआडून खाटेचा खडखडाट येत होता. मग तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला. जानकीबाई छताकडे बघत होती, पण त्या दिवशी तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईची आई गाठोडं मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलेली दिसली. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही झोपा. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि विचारलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "तिला आकडी आली होती. तुमचाच आजार, पण तिचं प्रेशर कुणी कधी बघितलंच नाही. ती गेली. बाळही गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मी घाबरले. पण खरं सांगायचं तर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं. आपण का पडून आहोत ते मला त्या दिवशी कळलं.

कुणाचं ऐकायचं

आठवा महिना पुरा व्हायच्या आत माझं प्रेशर औषधांना दाद देईनासं झालं. डोळ्यांपुढे पुन्हा काजवे. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकत्र सांगितलं की आता थांबता येणार नाही, कळा आणाव्या लागतील. बाळ फार लहान आहे. जगेल असं त्या सांगू शकत नव्हत्या. अशा बाळांना ठेवायची पेटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होती, इथं नव्हती, आणि मला एवढा प्रवास घडवायची त्यांची तयारी नव्हती.

मी म्हटलं, आठ दिवस द्या. बाळाला आठ दिवस वाढू द्या. माझं काय व्हायचं ते होईल.

इनास म्हणाले, "मला तू पाहिजेस. बाळ वाचलं तर देवाची कृपा. पण मला तू पाहिजेस."

मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या पोटात हलत होतं ते त्यांच्या हातावर हलत नव्हतं, म्हणून त्यांना असं बोलता आलं, असं मला वाटलं. ते बाहेर जाऊन आमच्या फादरांना घेऊन आले. मला वाटलं होतं, फादर माझी बाजू घेतील. त्यांनी माझ्या कपाळाला आणि तळहातांना आजाऱ्यांसाठीचं पवित्र तेल लावून प्रार्थना केली आणि म्हणाले, "डॉक्टर दोघांनाही वाचवायलाच बघताहेत. त्यांच्या हाताला आशीर्वाद मागू या. तू एकटीनं हे ओझं उचलू नकोस."

मी तरीही हो म्हटलं नाही.

दुपारी सासूबाई आल्या. या वेळी डबा नव्हता. स्टूल अगदी जवळ ओढून बसल्या. त्या आमच्या घरच्या बोलीत बोलल्या, मी इथं सगळ्यांना समजेल असं लिहिते.

"माझी धाकटी बहीण होती. इसाबेल. तू तिचं नाव ऐकलं नसशील, घरात कुणी घेत नाही. तिचं असंच डोकं दुखायचं. तोंड असंच सुजलेलं. मग तिला आकडी आली. बाहेरचं काही लागलं म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवली, अंगारे केले. ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली." मग म्हणाल्या, "पोटुशी बाईला असलं सांगत नाहीत. म्हणून तू विचारलंस तेव्हा मी सुंठ लावली आणि गप्प राहिले. आता सांगते. डॉक्टरीण म्हणते ते कर."

मी विचारलं, मग बाळाचं काय?

"बाळाचं मी देवाला सांगते," त्या म्हणाल्या. "तुझं तू डॉक्टरणीला सांग."

मी सिस्टरना बोलावून घेतलं.

बेनेडिक्टा

सलाइन लावलं. कमरेत इंजेक्शनं दिली, ती इतकी दुखली की कळा त्यापुढे सौम्य वाटल्या. जोर करू नका, असं बजावलं होतं. जोर करायला माझ्याकडे तो होताही कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा लावून बाळ काढलं.

मुलगी होती. रडली नाही. मला दाखवली तेव्हा मला ती बाळ वाटलीच नाही, सोललेल्या कबुतरासारखी दिसत होती. सिस्टर बेनेडिक्टांनी तिच्या पाठीला चोळलं, तोंडातलं पुसलं, आणि मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. त्याच घाईत त्यांनी नळाचं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्यात बाळाचा भरवसा नसला, तर कुणीही तिथल्या तिथं बाप्तिस्मा देऊ शकतं. त्यांनी मला विचारलं, नाव काय?

मी नाव ठरवलं नव्हतं. नाव ठरवलं तर ते थडग्याच्या दगडावर कोरावं लागेल, अशी भीती होती. थांबायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःचंच नाव दिलं आणि पाणी ओतलं. मग बाळाला कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पलीकडे नेलं.

पुढे घरात आम्ही तिला बेनी म्हणायला लागलो. ठेंगणी आणि भराभर चालणारी निघाली, त्याला आता कुणाचा इलाज नाही.

जे मला आठवत नाही

बाळ झालं की हा आजार संपतो, असं मला वाटत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळजणींना असंच वाटतं. मला आकडी आली ती बाळंत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.

त्यातलं मला काही आठवत नाही. इनासनी सांगितलं ते एवढं की ते स्टुलावर बसून मला पेज भरवत होते, आणि मी एकाएकी त्यांच्या खांद्यापलीकडे कुणाकडे तरी बघायला लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. परत वळले तोवर माझे दात आवळले होते. सिस्टरनी कापड गुंडाळलेला चमचा दातांत घातला आणि त्यांना बाहेर काढलं. बाहेर ते किती वेळ उभे होते, ते त्यांना सांगता येत नाही. यापुढचं ते आजही बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. ते आजारपण त्यांच्या वाट्याचं आहे.

मी जागी झाले तेव्हा जीभ चावलेली होती, हात पट्टीने खाटेला बांधलेले होते. कुठला दिवस आहे कळत नव्हतं. मला बाळ झालंय हेही आठवेना. मी पहिल्यांदा विचारलं ते म्हणे, तिसरीचा वर्ग कोण घेतंय.

वाटीभर दूध

माझं दूध आलंच नाही. औषधांनी, तापाने की भीतीने, देव जाणे. बाळाला ओढायची ताकद नव्हती. सिस्टर ड्रॉपरने थेंब थेंब घालायच्या. वरचं दूध तिला पचेना. मला खाटेवरून उठायची परवानगी नव्हती, म्हणून जन्मल्यावर दाखवलं त्यानंतर बाळ मी पाहिलंही नव्हतं. कुणी सांगेल ते ऐकायचं. आज अर्धा चमचा घेतलं. आज ओकली.

जानकीबाई तोवर बाळंत झाली होती. धष्टपुष्ट मुलगा, भुकेला की सगळा वॉर्ड जागा करायचा. तिनं हे सगळं पडल्या पडल्या ऐकलं असणार. एका सकाळी तिनं सिस्टरकडून स्वच्छ वाटी मागून घेतली, आमच्याकडे पाठ करून बसली, आणि जरा वेळानं वाटी सासूबाईंच्या हातात दिली.

"माज्या पोराला पुरून उरतंय," ती म्हणाली. "पानी पितंय तेचं बी दूधच व्हतंय. न्या, पोरीला घाला."

सासूबाईंनी वाटी दोन्ही हातांनी धरली. सिस्टरकडे बघितलं. सिस्टर मान हलवून पुढे झाल्या. जानकीबाई होती तोवर रोज वाटी गेली, आणि ती घरी गेल्यावरही काही दिवस तिची नणंद बंदरावरून येताना डबीतून आणून देत होती. मी तिला एकदा म्हटलं की तुमचे उपकार कसे फेडू. ती म्हणाली, "तू आदी तुजं पानी पी," आणि माझा पेला पुढे सरकवला.

नाताळ जवळ आला होता. संध्याकाळी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरणारी आमच्या गावची मंडळी हॉस्पिटलपाशी आली. मला आवाज नको, म्हणून सिस्टरनी त्यांना फाटकापाशीच सांगितलं असावं. गाणं मध्येच थांबलं. पडद्यावरून कंदिलांचा उजेड सरकत गेला, आणि बराच पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर बेनेडिक्टांनी बाळ आणून माझ्या उशीवर ठेवलं.

घरी

घरी आले त्यानंतरचं वर्ष मला नीट आठवत नाही. प्रेशर हळूहळू उतरलं, थकवा उतरला नाही. अंगणापर्यंत गेलं तरी धाप लागायची. सासूबाई बाळाला तेल चोळून न्हाऊ घालून माझ्या मांडीवर द्यायच्या, आणि मला काहीच वाटायचं नाही. फक्त झोप यायची. इतक्या हालांनंतर मिळालेलं मूल, आणि माझ्यात माया नाही, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक भेटायला यायचे, देवाने दोघींना राखलं म्हणायचे, मी मान हलवायची.

माया आली. कधी आली ते सांगता येणार नाही, कारण ती येताना कळली नाही. कुणाला ती लगेच आली नाही तर तिनं स्वतःला वाईट ठरवू नये, म्हणून हे लिहून ठेवते.

पुढच्या जूनमध्ये मी शाळेत परत गेले. नोकरीचा विषय इनासनी पुन्हा काढला नाही. बेनीला सासूबाई वाडीत नेऊन पानवेलीच्या सावलीत पाटीत झोपवायच्या. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. त्यावरून लोक बोलले, अजून बोलतात. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं आहे.

लिली

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या पडवीत चार-पाचजणी विड्याच्या पानांची जुडगी लावत बसलो होतो. शेजारच्यांची नवी सून लिली, विरारची मुलगी, पहिलटकरीण. तिनं सहज सांगितलं की सकाळपासून डोकं जड आहे आणि बांगड्या रुतताहेत. एकजण म्हणाली, या दिवसांत असं होतंच, आलं घालून चहा घे. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी हातातली पानं खाली ठेवली.

"माझ्या बहिणीचं पण असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. इसाबेलचं नाव घेऊन, अंधाऱ्या खोलीसकट. एका बाईनं त्यांना डोळ्यांनी खुणावलं, पोरीसमोर नको. सासूबाई म्हणाल्या, "तिच्यासमोरच पाहिजे. तुम्हाला सांगून काय उपयोग?"

लिलीचा चेहरा उतरला. मी उठून पायांत चपला घातल्या आणि तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. सिस्टर बेनेडिक्टांची बदली कधीच झाली होती. नवी, तरुण सिस्टर होती. तिनं प्रेशर घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं. मी दाराला धरून उभी होते. लघवी तपासली, ती स्वच्छ निघाली. सिस्टर म्हणाली, सगळं ठीक आहे, ऊन लागलं असेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन दाखवा.

बाहेर आलो. लिलीला आता लाज वाटत होती. म्हणाली, "बाई, तुमची दुपार फुकट गेली. आपण उगाच आलो."

मी तिचा हात धरून तिला पायरी उतरवली आणि म्हटलं, "पुढच्या आठवड्यातही उगाचच येऊ."